विषय: उत्तर: मे-जूनमध्ये आमदारांना फोन

मंडळी,
मानसिक आरोग्याच्या बजेटसाठी मे-जूनमध्ये आमदारांना फोन करा, पत्रं लिहा, ही सचिवांची मेल वाचली. हेतू चांगला, पण आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करसवलत असलेली धर्मादाय संस्था आहे. लेटरहेडवर आमदारांना पत्रं गेली आणि करसवलत गेली तर निस्तरणार कोण? गणपती करा, दिवाळी करा. राजकारण नको.
— माजी खजिनदार, फ्रीमाँट (कॅलिफोर्निया)

---

काका,
प्रचार आणि विधेयक यांची गल्लत होतेय. उमेदवाराचा प्रचार पूर्ण बंद. विधेयकावर किंवा बजेटवर मत मांडणं मर्यादेत चालतं. करखात्याचा ५७६८ नंबरचा फॉर्म भरला की ती मर्यादा आकड्यातच मिळते: पहिल्या पाच लाख डॉलर खर्चाच्या २० टक्के. आपला वर्षाचा खर्च ढोल-ताशे धरूनही तिथवर पोचत नाही, आणि फोनला तर खर्चच नाही.

आत्ताच का, तेही सांगतो. २००४च्या प्रॉप ६३ने (प्रॉप म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी थेट मतदानाने केलेला कायदा) दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर १ टक्का कर लावला, तो मानसिक आरोग्यासाठी. (यादीवरच्या काही मंडळींनी तो भरलाही असेल, बोलत नाहीत इतकंच.) मार्च २०२४मध्ये प्रॉप १ निसटता पास झाला. त्यानुसार जुलै २०२६पासून या करातल्या काउंट्यांच्या (म्हणजे जिल्ह्यांच्या) वाट्यातले ३० टक्के घरांसाठी. बेघरांना घर हवंच, मीही 'हो'वरच खूण केली होती. पण प्रतिबंधाचा, म्हणजे आजार आधीच रोखायच्या कामाचा पैसा काउंटीकडून राज्याकडे गेला, आणि आपल्या भाषेत घरोघरी बोलणारे छोटे कार्यक्रम त्यावरच चालायचे. गव्हर्नरचं सुधारित बजेट १४ मेपर्यंत येतं, विधिमंडळ १५ जूनपर्यंत पास करतं. बोलायचं ते मधल्या महिन्यात.
— सचिव

---

नमस्कार काका,
मी एरवी इथे फक्त मोदकांच्या ऑर्डरी टाकते. आज थोडं लिहिते.

लेकीला गेल्या वर्षी थेरपिस्टची पहिली अपॉइंटमेंट नऊ दिवसांत मिळाली. दुसरी सात आठवड्यांनी. विमावाल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "पहिली वेळेत दिलीय ना." मी गप्प बसले. एसबी २२१ या राज्याच्या कायद्याप्रमाणे जुलै २०२२पासून पुढची भेटही कामाच्या दहा दिवसांत द्यावी लागते, थेरपिस्टनेच जास्त अंतर चालेल असं नोंदवलं नसेल तर. हे मला नंतर कळलं. कायदा आहे, राबवायला माणसं नाहीत. म्हणून माझी मागणी तेवढीच: विमा कंपन्या तो पाळतात का, या तपासणीला पैसे द्या.

"मानसिक आरोग्याकडे लक्ष द्या" असं कृपा करून बोलू नका. आमदाराच्या ऑफिसात फोन उचलणारा मुलगा "नक्की कळवतो" म्हणतो आणि तिथेच संपतं. विधेयकाचा नंबर किंवा बजेटमधली बाब सांगितली की तो लिहून घेतो.

मला त्याने आधी झिप कोड विचारला, मग नाव. मी वाणसामानाच्या यादीमागे चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. वाचताना "माझी मुलगी" असं लिहिलेलं असून "ओळखीतली एक मुलगी" म्हणून गेले. फोन ठेवला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, भात उतरवला, आणि परत फोन लावला. तोच मुलगा. म्हटलं, मघाशी सांगितलं ती माझीच मुलगी. तो म्हणाला, "थँक यू मॅम, दुरुस्त करतो."

एक महत्त्वाचं राहिलं. मोठ्या टेक कंपन्यांचे प्लॅन बऱ्याचदा सेल्फ-फंडेड असतात, म्हणजे विमा कंपनी फक्त कागद हलवते, पैसे मालकाचे. त्यांना सॅक्रामेंटोचा, म्हणजे राज्याचा, हा कायदा लागू नाही. तिथे २००८चा केंद्राचा पॅरिटी कायदा (मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकंच विमासंरक्षण), म्हणून फोन काँग्रेसच्या ऑफिसात करायचा. आधी एचआरला विचारा.
— मोदकवाली ताई

---

ताई,
लेटरहेडला माझा विरोध कायम आहे, मिनिट्समध्ये तसं नोंदवावं.
सूनबाईंच्या कंपनीचं ते सेल्फ-फंडेड का काय, ते एचआरला नेमक्या कोणत्या शब्दांत विचारायचं? यादीवर नको, मला एकट्याला लिहा. आणि रात्री नऊच्या आत फोन केलात तरी चालेल.
— काका