मदत हवी आहे: बाबांची रात्रीची शुगर बरी, सकाळची जास्त, असं का?

आम्ही देवगडजवळ राहतो, बाबा ६२, टाइप २ डायबिटीस, मेटफॉर्मिनची ५०० ची गोळी दोन वेळा, इन्सुलिन नाही. रात्री झोपताना ग्लुकोमीटरवर १३० आणि सकाळी उपाशीपोटी १६५-१७०, मधे काहीच खात नाहीत. रात्रीचा भात बंद करून नाचणीची भाकरी नि माशाचं कालवण चालू केलं, साडेसातला जेवण, नंतर फेरी, तरी तेच. पट्ट्या नवीन आहेत, हात धुऊनच बघतो.

वाचलं की पहाटे कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं, ग्लुकागॉन हे दुसरं हार्मोन लिव्हरला साखर सोडायला लावतं आणि इन्सुलिन कमी पडलं की ती रक्तातच राहते. डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जायचंय, गोळ्या आपल्या मनाने बदलणार नाही. त्यांना दाखवायला पहाटे ३ चं रीडिंग किती रात्री घ्यावं, आणि जेवण इतकं लवकर केल्याने सकाळची वाढते का?