नातीला भेटायला जपानला जायचे आहे. कोणता ऋतू निवडावा?

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी आणि जावई योकोहामात राहतात आणि नात तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत जाते. जपानमध्ये शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे मुलीला आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी येणे आता जमत नाही. म्हणून या खेपेस आम्ही दोघांनीच तिकडे जावे असे ठरले आहे. आम्हाला प्रेक्षणीय स्थळांची यादी पुरी करायची नाही. त्या त्या ऋतूत तिथली कुटुंबे जशी मुलाबाळांसह बाहेर पडतात, आपले सण साजरे करतात, तसे काही दिवस नातीच्या संगतीने घालवावेत एवढीच इच्छा आहे. मुलगी म्हणते चेरीच्या बहरात या, जावई म्हणतात उन्हाळ्याच्या सुट्टीत या. माझ्या पत्नीचा चातुर्मास असतो, कांदा, लसूण आणि वांगे त्या काळात वर्ज्य. श्रावणात आमच्या घरी कानबाई देवी बसते, तेव्हा आम्ही घरी असणे भागच आहे. शिवाय माझ्या गुडघ्यांना चढण सोसत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तापीची लेक (भुसावळ)

काका, माझे मत विचाराल तर जावयांचे ऐका. आमचे बिऱ्हाड बरीच वर्षे योकोहामाशेजारच्या कावासाकीत होते आणि माझी मुले तिथल्याच शाळेत शिकली. जुलैच्या 20 तारखेच्या सुमारास शाळा सुटते, ती थेट ऑगस्टअखेरीस भरते. नात एवढी सलग मोकळी वर्षातून पुन्हा सापडायची नाही. चेरीच्या बहराच्या वेळची मार्चअखेरीची सुट्टी जेमतेम दोन आठवड्यांची असते आणि तीही नव्या वर्गाच्या तयारीत निघून जाते.

त्याहून मोठे कारण म्हणजे ओबोन. बहुतेक भागांत 13 ते 16 ऑगस्टला आणि टोकियोत पुष्कळ ठिकाणी जुलैच्या मध्यावर पूर्वज घरी येतात, अशी तिथली श्रद्धा आहे. पहिल्या संध्याकाळी दारात लहानसा अग्नी पेटवून त्यांचे स्वागत होते आणि शेवटच्या दिवशी तसाच अग्नी पेटवून त्यांना निरोप दिला जातो. टोकियो-योकोहामाकडच्या घरांतून काकडीला आणि वांग्याला काटक्यांचे चार-चार पाय लावून ती पूर्वजांपुढे मांडतात. काकडी हा घोडा, पितरांनी लवकर यावे म्हणून. वांगे ही गाय, त्यांनी परतताना सावकाश जावे म्हणून. आमच्या शेजारच्या आजींनी हे माझ्या मुलाकडून करवून घेतले होते. वांगे सारखे कलंडत होते, तेव्हा त्यांनी मागच्या दोन काटक्या जरा तिरप्या खोचून ते कसे उभे राहते हे त्याला दाखवले. शहरात नोकरीला गेलेली माणसे याच दिवसांत मुलांना घेऊन मूळ गावी जातात. आखाजीला आपण पितरांची घागर भरतो आणि त्याच सणाला लेकी माहेरी येतात. त्यामुळे पितर आणि लेकरे एकाच वेळी घरी येण्याचा हा सण खानदेशातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

सबंध जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी गल्लोगल्लीच्या मैदानांत बोन-ओदोरी हा सामूहिक नाच असतो. मधोमध लाकडी मचाण, त्यावर मोठा ढोल आणि भोवती माणसांचे रिंगण. युकाता हा सुती झगा नेसलेल्या वयस्कर बायका आतल्या रिंगणात नाचतात, कारण त्यांना हातवारे पाठ असतात. नवख्यांनी बाहेरच्या रिंगणात उभे राहून त्यांच्याकडे पाहत पाहत शिकायचे असते. एका नाचात तर खाणीत कोळसा खणणे, तो खांद्यावर टाकणे आणि गाडी ढकलणे एवढ्याच हालचाली आहेत. दोन फेऱ्यांत त्या अंगवळणी पडतात. तिकीट नाही, आमंत्रण नाही आणि गुडघ्यांना त्रासही नाही.

उकाड्याबाबत मात्र सावध राहावे. जळगावच्या 45 अंशांची सवय असलेल्या माणसालाही तिथल्या 33-34 अंशांत दमटपणामुळे घाम वाळत नाही म्हणून थकवा येतो. दुपार घरात काढून पाचनंतरच बाहेर पडावे.

सातपुडा पायथा (शहादा)

ताईंचे म्हणणे पटते, तरी नोव्हेंबरचा विचार अवश्य करावा, असे मी सुचवीन. नात सात वर्षांची होणार असेल तर त्या महिन्यात तिचा शिचि-गो-सान येतो. 3, 5 आणि 7 या वयांच्या मुलांना 15 नोव्हेंबरच्या मागेपुढे नटवून-सजवून देवस्थानात नेतात आणि त्यांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करतात. मुली 3 आणि 7 या वर्षी जातात. मुलांच्या हातात लाल-पांढऱ्या लांब गोळ्यांची सुंदर पिशवी असते, दीर्घायुष्याची खूण म्हणून. आजी-आजोबा सोबत असतील तर त्या सोहळ्याला खरी शोभा येते.

योकोहामाकडे मेपलची पाने नोव्हेंबरअखेरीस लाल होतात. सांकेइएन या बागेत तळ्याकाठच्या सपाट वाटेने तुम्हाला सावकाश हिंडता येईल. ताकाओ हा डोंगर 599 मीटरच आहे आणि अर्ध्या वाटेपर्यंत केबल कार जाते, पण रंग चढलेल्या दिवसांत सुट्टीच्या दिवशी तिथे फार मोठी रांग असते. कार्तिकी एकादशी झाल्यानंतर गेलात तर चातुर्मासाची अडचणही उरणार नाही. उणीव एकच: नातीला शाळा असल्याने ती तुमच्या वाट्याला शनिवार-रविवारीच येईल.

केळीचा मळा (रावेर)

जेवणापुरते लिहितो. जपानी स्वयंपाकात भाजीच्या रशालाही बहुधा वाळवलेल्या माशाच्या किसाचा अर्क असतो, म्हणून ताटात मासा दिसला नाही एवढ्यावरून पदार्थ शाकाहारी आहे असे समजू नये. मिसोचे (आंबवलेल्या सोयाबीनचे) सूप आणि सोबा शेवयांचा रस्सा यांबद्दल आधी विचारून घ्यावे. बौद्ध मठांचे शोजिन जेवण मात्र वहिनींना चालण्यासारखे असते. त्यात मांस-मासे नसतातच, कांदा-लसूणही वर्ज्य असतो, आणि कामाकुरासारख्या मंदिरांच्या गावी ते मिळते. वांगे मात्र त्यात असू शकते, तेवढे आगाऊ सांगावे. जत्रेच्या दुकानांत भाजलेले मक्याचे कणीस आणि बर्फाचा गोळा निर्धास्त खावा. ताकोयाकीत ऑक्टोपस आणि याकिसोबात सहसा डुकराचे मांस असते. ताजी फळे नेण्याच्या भानगडीत पडू नये, विमानतळावर ती काढून घेतात. बिबडे आणि कुरडया न्याव्यात.

तापीची लेक (भुसावळ)

काका, कानबाईचे राहून गेले. कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी येते. ज्या वर्षी श्रावणाआधी अधिक महिना येतो त्या वर्षी नागपंचमी ऑगस्टच्या उत्तरार्धात जाते, म्हणजे ओबोन आटोपून परतायला वेळ मिळतो. एरवी शाळा सुटते त्या दिवशीच पोहोचावे आणि जुलैचे नाच पाहून कानबाईला घरी यावे. 11 ते 16 ऑगस्टला तिथल्या गाड्या आणि विमाने भरून वाहतात, तेव्हा परतीचे तिकीट त्या दिवसांतले घेऊ नये.

बोरीकाठ (अमळनेर)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, मनापासून आभार. घरी वाचून दाखवले. शिचि-गो-सानचे वर्णन पत्नीला फार आवडले, परंतु नात नुकतीच सहा वर्षांची झाली असल्याने तो योग पुढच्या वर्षीचा आहे. या खेपेस जुलैतच जावे असे आम्ही ठरवले. एक शंका: गल्लीतल्या त्या नाचात पत्नीने लुगडे नेसून गेलेले चालेल ना? आणि तो कुठे, केव्हा आहे हे कसे कळते?

तापीची लेक (भुसावळ)

अवश्य चालेल. माझ्या सासूबाई लुगड्यातच नाचल्या आणि त्यांना लगेच आतल्या रिंगणात ओढून नेले गेले. तारखांसाठी इंटरनेटवर शोधू नका, कारण तिथे बहुधा मोठे, गर्दीचे कार्यक्रम सापडतात. प्रत्येक वस्तीचे एक रहिवासी मंडळ असते आणि त्याचा सूचनाफलक मैदानाजवळ किंवा गल्लीच्या तोंडाशी लावलेला असतो. जुलै लागताच मुलीने त्या फलकावरून तारीख टिपून घ्यावी आणि आई-वडील येणार असल्याचे शेजाऱ्यांच्याही कानावर घालावे.