जळगाव-भुसावळकडून अहमदाबादच सोयीचं

‘पोरांना मत्स्यालय दाखवायला मुंबईच गाठायची का?’ असं कुणीतरी विचारलंय. आपल्याकडच्यांनी खुशाल अहमदाबाद धरावं, भुसावळ-जळगावहून नवजीवन एक्सप्रेस थेट जाते. तिथल्या सायन्स सिटी या विज्ञान केंद्रातलं मत्स्यालय २०२१ साली सुरू झालं. खरी गंमत २८ मीटर लांबीच्या काचेरी बोगद्यात. शार्क डोक्यावरून सरकला की त्याचं पांढुरकं पोट अन् कल्ल्यांच्या फटी अगदी मोजता येतात. आमच्या आजी तर चटकन खालीच बसल्या, ‘हाऊ ते डोकावर उना!’ (हा तर डोक्यावर आला!) पेंग्विनपाशी मात्र नुसती रेटारेटी (पोरांना खांद्यावर घ्यायची तयारी ठेवा). शेजारच्या रोबोटिक्स गॅलरीचं तिकीट त्याच दमात काढू नका, पोरं पेंगतात. आणि दशम्या-ठेचा आत शिरण्याआधीच संपवा.