मदत हवी आहे: बाबांना ऐकू कमी येतं, मराठी सिनेमा मराठी अक्षरांसकट (सबटायटल्स) कुठे बघायला मिळेल?

नमस्कार मंडळी,

प्रश्न एका ओळीचा आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे बाबा ७६ वर्षांचे. सांगलीत एका छापखान्यात कंपोझिटर होते, छपाईचे शिशाचे अक्षर-खिळे जुळवायचे. ट्रेडल मशीनच्या खडखडाटात सगळी नोकरी गेली आणि त्यात कानही गेले. आता दोन्ही कानांना मशीन आहे. आई गेल्यापासून ते पुण्याला माझ्याकडे असतात. सिनेमाचं वेड मला त्यांच्याकडूनच आलं. शेवटच्या पाट्या संपेपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. त्या पाट्यांत ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असलं, तर ते अजूनही सगळ्यात आधी त्यांनाच दिसतं.

या वर्षी, २०२५ मध्ये, ठरवलं की महिन्यातून एक तरी मराठी सिनेमा त्यांना थिएटरातच दाखवायचा. मार्चमध्ये 'स्थळ'ने सुरुवात केली. जयंत सोमलकरांचा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. मला तो इतका आवडला की पुन्हा एकटी जाऊन पाहिला. आणि बाबांना तो जवळजवळ पूर्ण कळला! बघण्याचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा होतो, पाहुणे नायिकेला, सविताला, तेच तेच प्रश्न विचारतात. पहिल्या वेळी मी कानाशी लागून सांगितलं, दुसऱ्यापासून सांगावं लागलं नाही. तिसऱ्या कार्यक्रमाला पाहुणे बसायच्या आतच बाबा पुटपुटले, "आता उंची विचारणार." दिग्दर्शकाला जे जाणवून द्यायचंय, त्या प्रश्नांचा कंटाळा आणि अपमान, ते ऐकू न येता त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

सप्टेंबरात 'दशावतार'ला गेलो आणि तिथे गाडी अडली. दिलीप प्रभावळकरांसाठी बाबा आठवडाभर उत्साहात होते. दशावतारात काम करणारा म्हातारा बाबुली, त्याची नजर अधू होत चाललेली, मुलगा म्हणतोय आता थांबा. हा विषय आमच्या घरात किती आत जाऊन बसतो हे वेगळं सांगायला नको. पण त्यातली मालवणी आधीच कानाला सवयीची नाही, वर संगीत दणदणीत. बाबांनी तीन-चारदा विचारलं, "काय म्हणाला?" मी सांगायला लागले की पुढचं वाक्य निसटायचं. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी दोनदा मागे वळून पाहिलं. दुसऱ्या वेळेनंतर बाबांनी विचारणं बंद केलं. मध्यंतरानंतर ते हात मांडीवर ठेवून नुसते पडद्याकडे बघत बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, "रंगभूषा फार छान. प्रभावळकर नुसते उभे राहिले तरी नट दिसतात." एवढंच. गोष्टीबद्दल एक शब्द नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

पुढच्याच आठवड्यात 'साबर बोंडं' लागला. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठं ज्युरी पारितोषिक मिळालेला, रोहन कानवडेंचा. न्यावं की नाही, हा विचार कानांमुळेही होता आणि विषयामुळेही. दोन पुरुषांमधलं प्रेम आहे, बाबा काय म्हणतील? शेवटी गेलो. त्यात पार्श्वसंगीत नाही. माणसं सावकाश, थांबून बोलतात आणि कॅमेरा हलत नाही. बाबांना अर्ध्याहून जास्त संवाद नुसत्या मशीनवर कळले! खाली इंग्रजी अक्षरं होती, ती त्यांच्या उपयोगाची नाहीत, इंग्रजी त्यांना सफाईने वाचता येत नाही. येताना रिक्षात म्हणाले, "बाप गेल्यावर दहा दिवस घर कसं असतं ते बरोबर दाखवलंय. आणि त्या पोराला कुणीतरी आपलं आहे, हे चांगलं झालं." माझ्या मते हा या वर्षीचा सगळ्यात चांगला मराठी सिनेमा, आणि बाबांचं ते वाक्य त्याला मिळालेला माझ्या घरचा पुरस्कार.

तर मुद्दा असा. बाबांना मराठी वाचता येतं. नुसतं येत नाही, आयुष्यभर खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचलेला माणूस आहे, एक ओळ त्यांना पापणी लवायच्या आत वाचून होते. पण मराठी सिनेमाखाली मराठी अक्षरं मला कुठेच मिळत नाहीत. थिएटरात असलीच तर इंग्रजी, घरी मोबाइल-टीव्हीवर बहुतेक वेळा तीही इंग्रजीच. १९१३ साली फाळक्यांच्या मूकपटाला वाचायच्या पाट्या होत्या. आज बोलपटाला का नसाव्यात? शिवाय इंग्रजी अक्षरांत बोलीचं पार पीठ होतं. वऱ्हाडी, मालवणी, नगरकडची, सगळी एकाच इंग्रजीत. मालवणी देवनागरीत लिहून दाखवली, तर ती मलासुद्धा हवी आहे.

पुढे बघायचे सिनेमे रांगेत आहेत. 'गोंधळ' राहिलाय, त्याच्या दिग्दर्शकाला, संतोष डावखर यांना, गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा रौप्य मयूर मिळाला. 'राजा शिवाजी'साठी १ मे २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे. आणि बाबा ज्याची खरी वाट बघतायत तो नागराज मंजुळेंचा 'खाशाबा'. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणलं, ती गोष्ट आमच्या भागात पोरासोरांना पाठ असते. कुस्ती बघायला कान लागत नाहीत असं ते म्हणतात, पण मला तो त्यांना अख्खा कळायला हवाय, संवादांसकट.

कुणाला मराठी अक्षरांसह खेळ कुठे होतो हे माहीत आहे का? तिकीट काढायच्या आधी हे कसं कळतं? घरी टीव्हीवर काही करता येईल का? आणि संवाद कमी असलेले चांगले सिनेमे सुचवा, भाषा कुठलीही चालेल.

प्रतिसाद १

ताई, मी श्रवणयंत्रांच्या क्षेत्रात काम करते. बाबांना 'आवाज येतो पण शब्द कळत नाही' असं होत असणार. वयाने आणि यंत्रांच्या गोंगाटाने आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, त, क, फ ही व्यंजनं त्याच पट्टीतली. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात, आणि शब्द ओळखायचा तो व्यंजनांवरून. म्हणून आवाज वाढवून फारसा फायदा होत नाही, वर पार्श्वसंगीत आलं की उरलेलंही झाकलं जातं. 'साबर बोंडं' का कळला याचं उत्तर इथेच आहे.

घरी एक करून बघा. सिनेमाचा ध्वनी बऱ्याचदा पाच-सहा वाटांनी विभागलेला असतो आणि संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेले असतात. टीव्हीला दोनच स्पीकर असले की सगळं त्यात कोंबलं जातं आणि संवाद दबतात. सेटिंगमध्ये ५.१ (सहा वाटांचा ध्वनी) ऐवजी स्टिरिओ (दोन वाटांचा) करून बघा, आणि 'क्लिअर व्हॉइस' किंवा तत्सम पर्याय असेल तर तो सुरू करा. मशीनला ब्लूटूथ असेल तर टीव्हीचा आवाज थेट कानात देता येतो, त्याने सगळ्यात जास्त फरक पडतो.

थिएटरात भिंतीलगतच्या आणि अगदी मागच्या खुर्च्या टाळा, तिथे बाजूचे स्पीकर डोक्यावर येतात. मधली रांग, मधली खुर्ची, ओठ स्पष्ट दिसतील एवढ्या अंतरावर. आणि डब केलेले सिनेमे शक्यतो नकोत. ऐकू कमी येणारी माणसं नकळत ओठ वाचत असतात, डबिंगमध्ये ती वाट बंद होते.

प्रतिसाद २

नियमाबद्दल लिहितो. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने १५ मार्च २०२४ रोजी चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एकाहून अधिक भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना ऐकू न येणाऱ्यांसाठी कॅप्शन (संवाद आणि आवाज अक्षरांत) आणि दिसत नसलेल्यांसाठी ध्वनिवर्णन (दृश्याचं बोलून केलेलं वर्णन) द्यायचं आहे, त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी आणि इफ्फीसाठी येणाऱ्या चित्रपटांना १ जानेवारी २०२५ पासून दोन्ही सक्तीचं आहे.

याचा तुम्हाला उपयोग असा: जो निर्माता आपला सिनेमा राष्ट्रीय पुरस्काराला पाठवणार, त्याच्याकडे कॅप्शन तयार असायला हवेत. ते कुठल्या भाषेत केलेत आणि थिएटरात कुठल्या खेळाला दाखवणार, हे प्रदर्शनाच्या आधी निर्मात्यालाच लिहून विचारा. 'राजा शिवाजी' मराठी-हिंदी दोन्हींत येणार असल्याने त्याला पहिली अट लागू व्हावी. आत्ताच पत्र टाका. मीही टाकतो, दहा-वीस जणांनी टाकली तर लक्ष जाईल. जानेवारी २०२३ मध्ये एका मोठ्या हिंदी चित्रपटाबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने ओटीटी आवृत्तीला कॅप्शन आणि ध्वनिवर्णन देण्याचे आदेश दिले होते, तेही दृष्टिहीन आणि कर्णबधिर व्यक्ती स्वतः न्यायालयात गेल्यावर. मागितल्याशिवाय मिळालेलं नाही.

प्रतिसाद ३

'पुष्पक' दाखवा, १९८७चा, कमल हासनचा. एकही संवाद नाही. आणि 'फँड्री' पुन्हा दाखवा. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, डुकराच्या मागे धावणारं अख्खं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर मात्र पळत राहतं. तो प्रसंग आवाज बंद करून पाहिला तरी अंगावर येतो.

माझा मुलगा जन्मतः कर्णबधिर आहे. त्याच्यासाठी मी स्वतः मराठी अक्षरं टाइप करते. अवघड नाही. घरी डीव्हीडी असेल तर सुरुवात तिच्यापासून करा. साध्या नोटपॅडमध्ये ओळीचा क्रमांक, खाली सुरुवातीची आणि शेवटची वेळ, त्याखाली संवाद, मग एक ओळ मोकळी. फाइल साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा (त्याने देवनागरी नीट राहते) आणि नावाच्या शेवटी .srt द्या, ही उपशीर्षकांची फाइल. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये सिनेमा लावला की उपशीर्षकांच्या मेनूतून ती फाइल जोडायची. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर सेटिंगमध्ये जाऊन देवनागरी फॉन्ट निवडा. एका वेळी दोन ओळींहून जास्त नको. कोण बोलतंय ते दिसत नसेल तर नाव लिहा, आणि आवाजही लिहा: 'दार वाजतं', 'लांबून भजन'. माझ्या मुलाला सगळ्यात जास्त त्या आवाजांच्या ओळी आवडतात.

धागाकर्तीकडून, तीन आठवड्यांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. टीव्ही स्टिरिओवर केला, बातम्या आता निम्म्या आवाजात चालतात. दोन निर्मात्यांना पत्रं गेली आहेत, उत्तर आलं की इथे लिहीन.

आणि प्रतिसाद ३ वाल्या ताई, तुम्ही सांगितलेलं करून पाहिलं. घरात 'श्वास'ची जुनी डीव्हीडी होती. २००४ साली तो लागला तेव्हा बाबांना अजून ऐकू येत होतं, आम्ही चौघं गेलो होतो. त्यातला तो प्रसंग निवडला, नातवाची दृष्टी जाणार हे डॉक्टर आजोबांना सांगतात तो. थोड्याशा संवादांना मला चार संध्याकाळी लागल्या. रविवारी लावलं. अरुण नलावडे नुसते बघत राहतात, तिथे मी 'शांतता' असं लिहिलं होतं.

प्रसंग संपल्यावर बाबा म्हणाले, परत लाव. मग म्हणाले, थांबव. चष्मा पुसला, माझ्याकडून कागद घेतला आणि लाल पेनने लिहायला लागले. दोन ठिकाणी वेलांटी चुकली होती. एका ठिकाणी ओळ मी चुकीच्या शब्दावर तोडली होती, 'नाही' खाली एकटा पडला होता. "असा शब्द लटकता ठेवत नाहीत. वाचणारा वरच्या ओळीवर हो समजतो आणि खाली आल्यावर फसतो." आणि 'शांतता' खोडून बाजूला लिहिलं: 'ते दिसतंय, लिहू नकोस.'

आता ठरलंय असं: मी ऐकून लिहायचं, ओळी त्यांनी पाडायच्या. त्यासाठी पुढचा प्रश्न. त्यांना संगणकावर अक्षरं मोठी दिसायला हवीत, आणि वेळ टाकायचं काम माऊसशिवाय, कळफलकाच्या एखाद्या कळीवर व्हायला हवं, कारण माऊस धरताना त्यांचा हात थरथरतो. असं कुठलं सॉफ्टवेअर कुणी वापरलंय का? ते सकाळपासून दोनदा विचारून गेलेत.