मृत्युपत्र नवव्या महिन्यात लिहिलं आणि मंजूर झालं त्याच वर्षी फेब्रुवारीत? पेनसिल्व्हेनियाच्या क्वेकर शेतकऱ्याचे कागद वाचतेय, मदत हवी

अंत्रुजची_मास्तरीण
नमस्कार मंडळी. विषय गोव्याबाहेरचा आहे, पण जमिनीचे जुने कागद वाचणारी माणसं इथेच भेटतात म्हणून इथेच टाकते. माझी मुलगी लग्न होऊन पेनसिल्व्हेनियात असते, जावई तिकडचाच, आणि त्याच्या आईचं माहेर जुनं क्वेकर घराणं. विहीणबाई गेल्या चवथीला आमच्याकडे फोंड्याला आल्या होत्या, तेव्हा माळ्यावरची मोडी कागदांची पेटी बघून एकदम खूश झाल्या आणि परत गेल्यावर त्यांच्या मूळ पुरुषाच्या कागदांची स्कॅन मला पाठवून दिली, म्हणे तुम्हाला वाचायची हौस आहे तर बघा. आता हौस म्हटल्यावर नाही कसं म्हणणार.

माणूस साधा शेतकरी. वेल्समधून आला, चेस्टर काउंटीत २०० एकर जमीन घेतली, बायको, मुलं, गुरं, एवढंच. पण कागदांचा मेळ बसत नाहीये. मृत्युपत्रावर तारीख आहे नववा महिना, २० वा दिवस, १७१७. वारल्यावर शेजाऱ्यांनी घरातल्या वस्तूंची किमतीसकट यादी केली ती अकराव्या महिन्यात, १७१७. आणि खाली कचेरीचा शेरा की मृत्युपत्र ४ फेब्रुवारी १७१७ ला मंजूर. म्हणजे म्हातारा फेब्रुवारीत गेलेला आणि सप्टेंबरात येऊन सही करून गेला?

दुसरं म्हणजे ही २०० एकर त्याच्या मुलाकडे कशी गेली त्याचा कागदच नाही, आणि मुलाचं नाव बापाचंच. पुढच्या वर्षांच्या कराच्या यादीत त्याच नावाची दोन माणसं दिसतात तर आपला कुठला? शिवाय जमिनीचं वर्णन वाचून डोकं फिरलं, पांढऱ्या ओकपासून इतके पर्च, मग हिकरीच्या झाडापर्यंत इतके पर्च. मी रेघा ओढून नकाशा काढला तर क्षेत्र २१२ एकर येतंय. कुणी सांगेल का?

पेडण्याचो_भाचो
टीचर, सही करायला देवचार आला असणार हाहा. पण क्वेकर म्हणजे नक्की कोण? ओट्सच्या डब्यावरचा तो टोपीवाला?

कारकून_काका
भाच्या, डबेवाल्यांनी नुसतं नाव उचललंय, त्या कंपनीचा पंथाशी संबंध नाही. क्वेकर म्हणजे सोसायटी ऑफ फ्रेंड्स, १६५० च्या आसपास इंग्लंडात जॉर्ज फॉक्समुळे उभा राहिलेला पंथ. पाद्री नाही, शपथ घ्यायची नाही, लढाईत जायचं नाही, त्यामुळे तिकडे तुरुंगात पुष्कळ गेले. त्यांच्यातलाच विल्यम पेन, त्याच्या बापाचं राजाकडे १६,००० पौंडांचं येणं होतं, त्याच्या बदल्यात १६८१ मध्ये चार्ल्स दुसऱ्याने पेनला अख्खा मुलूख लिहून दिला, तोच पेनसिल्व्हेनिया. पेनने तिथल्या लेनापे लोकांशी करार करून जमीन घेतली खरी, पण त्याच्या पोरांनी १७३७ मध्ये त्याच लोकांना फसवून केवढा तरी प्रदेश गिळला, ते कागदसुद्धा शाबूत आहेत.

आता बाई तुमची तारीख. म्हाताऱ्याने काही चमत्कार केलेला नाही. इंग्रजांच्या मुलखात १७५२ पर्यंत वर्ष १ जानेवारीला बदलत नव्हतं, २५ मार्चला बदलायचं. आणि क्वेकर लोक महिन्यांची नावं घेत नसत, रोमन देवांची नावं नकोत म्हणून नुसता आकडा लिहायचे, आणि पहिला महिना मार्च. आपला पाडवा डोळ्यांसमोर ठेवा, सगळं सरळ होतं. चैत्र पहिला, फाल्गुन शेवटचा, माघ शके १६३९ हा मार्गशीर्ष शके १६३९ च्या नंतरच येतो ना? तसंच. त्यांचा नववा महिना म्हणजे नोव्हेंबर १७१७, अकरावा म्हणजे जानेवारी आणि फेब्रुवारी त्याच वर्षाचा शेवटचा महिना, आजच्या हिशोबाने १७१८. तर नोव्हेंबरात मृत्युपत्र, जानेवारीत यादी, फेब्रुवारीत मंजुरी. अडीच महिन्यांत सगळं आटोपलं, बिचारा आजारी असतानाच लिहून गेला असणार.

वंशावळीत घालताना ४ फेब्रुवारी १७१७/१८ असं दोन्ही वर्षांसकट लिहा, नाहीतर पुढचा कुणी तरी परत घोळ घालेल. १७५२ च्या सप्टेंबरात तर २ तारखेनंतर एकदम १४ उजाडली आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीपासून क्वेकरांचा पहिला महिना जानेवारी. पोर्तुगालने हे कॅलेंडर १५८२ मध्येच बदललं होतं म्हणून आपल्याकडच्या पोर्तुगीज कागदांत ही कटकट नाही, आपली कटकट अक्षराची.

साखळी_चेन
मोजणी खात्यात जन्म गेला म्हणून जमिनीचं मी सांगतो. तिकडे तीन पायऱ्या असायच्या, आधी वॉरंट म्हणजे अमुक एकर मोजून द्या असा हुकूम, मग सर्व्हे आणि मग पेटंट म्हणजे शेवटची सनद. तिन्हींच्या तारखा वेगळ्या आणि मध्ये वर्षानुवर्षं गेलेली असतात, माणूस राहायला कधी आला ते बघायचं तर सनदेची तारीख उपयोगाची नाही, वॉरंट बघा. हे सगळं हॅरिसबर्गच्या स्टेट आर्काइव्हजमध्ये आहे आणि बरंचसं ऑनलाइन दिसतं.

२१२ चं कोडं सोपं आहे. पेनच्या कचेरीची पद्धत होती की रस्त्यांसाठी म्हणून शेकडा ६ जास्त मोजून द्यायचं. २०० वर ६ टक्के म्हणजे १२. तुमची मोजणी एकदम बरोबर आलीय बाई, खात्यात असता तर मी लगेच सही केली असती. सनदेत शेवटी ते सहा टक्क्यांचं वाक्य असेल, बघा.

पर्च म्हणजे साडेसोळा फूट. चार पर्चची एक चेन, ६६ फुटी, तीच जी आम्ही खांद्यावर टाकून फिरायचो. १६० चौरस पर्च म्हणजे एक एकर. ओक नि हिकरीला हसू नका, आपल्याकडे पूर्वेला व्हाळ, पश्चिमेला अमक्याची भाट असं लिहायचेच की. झाड मेलं तरी काम अडत नाही, कारण हद्दीला लागून कुणाची जमीन ते लिहिलेलं असतं आणि तीच खरी खूण. शेजाऱ्यांची नावं घ्या, त्यांच्या सनदा काढा, सगळे तुकडे कागदावर एकमेकांना चिकटवा. दोन-तीन कडा जुळल्या की जागा सापडली समजा.

दोडामार्गकर
आमच्याकडे अजून गुंठाच चालतो म्हणून सांगतो, गुंठ्याची बाजू ३३ फूट म्हणजे बरोबर दोन पर्च, आणि एका गुंठ्यात चार चौरस पर्च. गोव्यातल्या चौरस मीटरवाल्यांपेक्षा आम्हाला ते कागद लवकर कळतील.

अंत्रुजची_मास्तरीण
काका, साखळीबाब, देव बरें करूं. सनदेत सहा टक्क्यांचं वाक्य आहे, शेवटच्या ओळीत, शाई उडालेली म्हणून दिसत नव्हतं. मार्चपासून मोजायचं ठरवलं तर मुलांचे जन्मही रांगेत बसतात, नाहीतर एका बहिणीचा जन्म भावाच्या आधी चार महिन्यांवर येत होता.

सामानाची यादी मात्र वाचण्यासारखी आहे हो. पहिली ओळ मेलेल्या माणसाचे अंगावरचे कपडे आणि जवळची रोकड. मग अंथरूण, पितळेच्या नव्हे, कथलाच्या थाळ्या, सूत काढायचा चरखा, बायबल आणि काही जुनी पुस्तकं (सगळ्या पुस्तकांची मिळून किंमत एका वासराहून कमी), एक म्हातारी घोडी, डुकरं आणि शेवटी 'जमिनीत असलेला गहू'. हा उभा गहू म्हणायचा की साठवलेला?

पण मुलाकडे जमीन कशी आली ते राहिलंच, आणि ते एकाच नावाचे दोघे.

साखळी_चेन
उभाच. तिकडे गहू आपल्या दसऱ्याच्या सुमाराला पेरतात, थंडीभर बर्फाखाली राहतो आणि जुलैत कापतात. जानेवारीच्या यादीत तो जमिनीतच असणार, वायंगण, म्हणजे हिवाळी भात, उभं असताना कुणी गेला तर आपण लिहू तसं. तारखांची शंका आली की पीक काय म्हणतं ते बघायचं, मे महिन्याच्या यादीत नुकताच कापलेला गहू आला तर कुठे तरी महिना चुकलाय.

आणि नावामागे लागू नका, जमिनीमागे लागा. तुम्ही माणूस शोधताय म्हणून दोन सापडतात. २०० एकर एकच आहे. ती कुणाच्या हातात होती, शेवटी कुणी विकली, तिथून मागे या. बापाने मृत्युपत्रात मुलाला जमीन दिली तर वेगळं खरेदीखत होतच नाही, मृत्युपत्र हाच कागद, म्हणून तुम्हाला मधला कागद मिळत नाहीये. पण मुलगा किंवा नातू जेव्हा विकेल त्या खतात सुरुवातीला सगळी कुंडली येते, ज्याअर्थी अमुक साली पेनच्या माणसांनी अमक्याला दिली आणि ज्याअर्थी त्याने मरताना मुलाला दिली. आपले वकील अजून तसंच लिहितात, पान-पान भरून. कधी कधी ते खत तीस-चाळीस वर्षांनी नोंदवलेलं असतं, तेव्हा इंडेक्स बघताना पुढची वर्षंही बघा.

न्यूजर्सीतली_बार्देसकरीण
मी इथे जवळच राहते, म्हापशाची. टीचर, दोघांना वेगळं करायचं तर बायकांची नावं बघा. नवऱ्याने जमीन विकली की खतात बायकोचंही नाव यायचं, कारण विधवेचा एकतृतीयांश हक्क असायचा, तोही हयातीपुरता, आणि तो सोडवून घेतल्याशिवाय घेणारा पैसे मोजत नसे. गोव्यातल्या बायकांना निम्मा वाटा म्हणून आपण किती सहज बोलतो ना, इथल्या बाईला नवरा असताना स्वतःच्या नावावर काही विकता पण यायचं नाही. असो, तर एका नावाच्या दोघांच्या बायका वेगळ्या असतील तर काम झालं.

मुख्य म्हणजे नुसत्या जमिनीवर राहू नका, मंथली मीटिंगची, म्हणजे क्वेकरांच्या स्थानिक मंडळाच्या दरमहा सभेची, मिनिट्स काढा, क्वेकरांसारखे कागद ठेवणारे लोक मी बघितले नाहीत. गाव बदललं तर जुन्या मीटिंगचं सर्टिफिकेट नव्या मीटिंगला द्यावं लागायचं, माणूस बरा आहे, कर्ज नाही, लग्नाच्या बाबतीत मोकळा आहे वगैरे. लग्न करायचं तर दोघांनी लागोपाठ दोन महिन्यांच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगायचं, मध्ये चार माणसं चौकशी करणार, आणि लग्नाला जे हजर त्या सगळ्यांच्या सह्या कागदावर, पोरांसकट. जवळचे नातेवाईक बहुधा जोडप्याच्या सहीखाली उजव्या रांगेत. एका लग्नाच्या कागदावरून मावशा, आत्या, चुलते सगळे निघतात. बायकांची मीटिंग वेगळी भरायची, तिची वही वेगळी, ती बहुतेक लोक उघडतच नाहीत आणि मग म्हणतात पणजीचं नाव सापडत नाही. हे सगळं स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड या दोन कॉलेजांत आहे, मूळ दोन्ही क्वेकरांचीच.

तुमच्या म्हाताऱ्याच्या मुलाचं नाव कुठल्या तरी वर्षी मीटिंगमधून काढून टाकलेलं दिसलं तर विहीणबाईंना घाबरवू नका. पंथाबाहेरच्या मुलीशी किंवा पाद्रीकडे लग्न केलं तरी काढायचे. वाळीत टाकल्यासारखं नसायचं, प्रार्थनेला येऊन बसायला मुभा, आणि चूक झाली असं लिहून दिलं तर परत घ्यायचे. पण काढून टाकल्यावर त्याच्या मुलांचे जन्म मीटिंगच्या वहीत येत नाहीत, तिथे तुम्हाला परत जमीन आणि कर हाच आधार.

थडगं शोधत फिरू नका, त्या काळी दगड लावणं त्यांना पसंत नव्हतं.

आणि एक सांगायचं होतं. यादी शेवटपर्यंत वाचलीत ना? क्वेकर म्हणजे गुलामगिरीच्या विरुद्ध असं सगळे म्हणतात, जर्मनटाउनच्या लोकांनी १६८८ मध्येच निषेध लिहून दिला होता ते खरं, पण फिलाडेल्फियाच्या वार्षिक मीटिंगने गुलाम ठेवायचेच नाहीत असं १७७६ मध्ये ठरवलं. त्यामुळे १७१७ च्या यादीत घोडी आणि डुकरांच्या मध्ये एखादं माणूस किंमत लावून लिहिलेलं निघू शकतं. निघालं तर ते गाळू नका, त्या माणसाच्या वंशजांना तेवढा एकच कागद असतो.

अंत्रुजची_मास्तरीण
परत बघितलं बाय. माणूस नाही पण दोन वर्षांची नोकरी उरलेला एक मुलगा आहे, त्याची किंमत लावलीय, नाव नाही.

न्यूजर्सीतली_बार्देसकरीण
तो करारावर आलेला गोरा पोरगा असणार. बोटीचं भाडं मालकाने भरायचं आणि याने ते काही वर्षं राबून फेडायचं. उरलेली वर्षं ही मालमत्ता, म्हणून यादीत. मृत्युपत्रात बघा, कधी कधी त्याला कुणाकडे दिला ते असतं.

पेडण्याचो_भाचो
हे सगळं वाचून आता मलाही खाज आली. आमच्या पणजोबाचं असं काही मिळेल का? घरात फक्त एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सात-बारा) आहे आणि त्यात आजोबांच्या वरचं कोणी नाही.

कारकून_काका
एक-चौदा मुक्तीनंतरच्या मोजणीचा, त्यात पणजोबा कसा येणार. जुन्या खरेदीखतावर दिश्क्रिसांव (पोर्तुगीज जमीन-नोंदणीतलं वर्णन) आणि मात्रीजचा (कराच्या वहीचा) नंबर असेल तर तो धरून मागे जा. आणि पणजोबा वारल्यावर कोर्टात इनव्हेंतार, म्हणजे वारसांत वाटणीसाठी मालमत्तेची यादी, झाला असेल तर नशीब काढलंस, सगळे वारस बायका-मुलींसकट, जमिनी, भांडी, दागिने, हे क्वेकरांच्या यादीच्या तोडीचं असतं. गावकरीची (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची) पुस्तकं पणजी शहरातल्या पुराभिलेखात बघ. पोर्तुगीज वाचणारा कुणी तरी बरोबर ने. वेगळा धागा काढ, इथे टीचरचं चाललंय.

अंत्रुजची_मास्तरीण
चालू दे रे, मलाही उपयोग आहे. विहीणबाईंचं उत्तर आलं. त्यांच्या माहेरचं शेत आता डेलावेअर काउंटीत येतं आणि तिथल्या ऑफिसात जुनं काही नाही म्हणे, मग खत शोधायचं कुठे?

न्यूजर्सीतली_बार्देसकरीण
डेलावेअर काउंटी १७८९ मध्ये चेस्टरमधून फुटली. त्याआधीचं सगळं वेस्ट चेस्टरला, चेस्टर काउंटी आर्काइव्हजमध्ये. विहीणबाईंना सांगा विकणाऱ्याच्या नावाचा इंडेक्स आधी बघायचा, घेणाऱ्याचा नंतर.