जुना भयपट पुन्हा पाहताना भीती कुठे सरकली? अनुभव लिहा

जुन्या भयपटांचा विषय निघाला की पहिल्यांदा पाहताना कसे घाबरलो, तेच आपण सांगत बसतो. मला त्यानंतरचं ऐकायचं आहे. दाराआड कोण उभं आहे हे ठाऊक असतं, रक्त खोटं आहे हे दिसतं, कोण वाचणार तेही पाठ असतं. तरी काही चित्रपट वर्षानुवर्षांनी लावले तरी अंगावर काटा येतो, आणि बहुतेकदा वेगळ्याच जागी. माझं ठाम मत आहे की हे चित्रपट टिकले ते सगळं दाखवून मोकळे झाले नाहीत म्हणून. उरलेलं आपण भरतो. आपण बदललो की तेही बदलतं. तुमचा असा चित्रपट कोणता? (शेवट उघड होणार आहेत, न पाहिलेल्यांनी सांभाळून वाचा.)

माझा ‘रोझमेरीज बेबी’ (१९६८). कॉलेजात पाहिला तेव्हा सैतानाचे उपासक, मंत्र आणि ते भयानक स्वप्न एवढंच लक्षात राहिलं होतं. मग पोटुशी असताना पाहिला, आणि सैतान बाजूलाच राहिला. डॉक्टर गरोदर रोझमेरीला सांगतात, पुस्तकं वाचू नकोस, मैत्रिणींचं ऐकू नकोस. ती दुखण्याने कळवळतेय, वाळत चाललीय, आणि आजूबाजूचे सगळे म्हणतात, होईल कमी. शेवटी ती पळून दुसऱ्या डॉक्टरकडे जाते, सगळं सांगते. तो शांतपणे ऐकून घेतो, जरा पड म्हणतो, आणि तिच्या नवऱ्याला नि त्याच पहिल्या डॉक्टरला बोलावून घेतो. तिथे मी चित्रपट थांबवला आणि रडले. बाळ तर शेवटपर्यंत दाखवलेलंच नाही. मधे एका प्रसंगात शेजारीण फोनवर बोलतेय आणि दाराच्या चौकटीमुळे ती अर्धीच दिसते. तिला नीट पाहायला थिएटरातले लोक मान वाकडी करायचे, अशी आठवण छायाचित्रकार विल्यम फ्रेकर सांगत. आता लिहा तुम्ही.

*

‘फ्रँकेन्स्टाइन’ (१९३१). लहानपणी राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफचा चेहरा दिसला की डोळे मिटायचो. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्याच्या नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह आहे, त्याचीसुद्धा धास्ती वाटायची.

मुलगी जरा मोठी झाल्यावर तिच्यासोबत पाहिला. तळ्याकाठचा प्रसंग आला. छोटी मुलगी त्याला फुलं देते, दोघं ती पाण्यात सोडतात, फुलं तरंगतात. फुलं संपल्यावर तो तिलाच उचलून पाण्यात टाकतो. माझी मुलगी म्हणाली, “बाबा, त्याला वाटलं तीपण तरंगेल.” मी गप्प झालो. तिला त्याची भीती वाटलीच नाही, शेवटी मशाली घेऊन धावणाऱ्या गावकऱ्यांची वाटली.

याच प्रसंगावर सेन्सॉरने कात्री चालवली होती. तो हात पुढे करतो तिथेच दृश्य तोडलं, आणि पुढे थेट बापाच्या हातात तिचं प्रेत. मधे काय झालं असेल याचा प्रेक्षकांनी मूळ दृश्यापेक्षा कितीतरी वाईट अंदाज बांधला असणार. तो तुकडा परत जोडला गेला तो ऐंशीच्या दशकात. तुम्ही म्हणता ते खरं, उरलेलं आपण भरतो, पण ती जागा कुणी सोडली यावरही बरंच असतं. इथे ती दिग्दर्शकाने सोडलेली नव्हती.

*

मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, त्यामुळे माझी भीती कानातून येते. ‘सायको’ (१९६०) मधला न्हाणीघरातला खून आवाज बंद करून पाहा. पाणी, हात, चाकू, पडदा अशी भराभर बदलणारी दृश्यं दिसतील, कापाकापी कळेल, पण छाती धडधडणार नाही. दिग्दर्शक हिचकॉकला तिथे संगीत नकोच होतं. बर्नार्ड हरमनने तरीही ते रचलं, तेही फक्त तंतुवाद्यांवर, आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. मग १९६३ च्या ‘द बर्ड्स’मध्ये नेहमीसारखं पार्श्वसंगीतच ठेवलं नाही. पक्ष्यांचे कितीतरी आवाज ट्राउटोनियम या विद्युत वाद्यावर घडवलेले आहेत. शाळेबाहेर नायिकेच्या पाठीमागे कावळे एकेक करून जमतात, तेव्हा कानावर पडतं ते फक्त मुलांचं गाणं.

आणि ‘महल’ (१९४९). लोक त्याला भयपट म्हणायला कचरतात, मी कचरत नाही. ‘आएगा आनेवाला’च्या सुरुवातीला तो आवाज लांबून जवळ येतो ना, त्यासाठी लता मंगेशकरांना मायक्रोफोनपासून दूर उभं करून गात गात जवळ यायला सांगितलं होतं. आज हेच अंतर मी यंत्रावर सहज आणतो, पण चालत आलेल्या माणसाच्या श्वासाची सर त्याला येत नाही. पूर्वी त्या गाण्यात मला भूत ऐकू यायचं. आता ऐकू येतं ते कुणाचीतरी वर्षानुवर्षं वाट पाहणं, आणि ते जास्त घाबरवतं.

*

‘महल’चा उल्लेख वाचून बरं वाटलं. त्याचे छायाचित्रकार योसेफ विर्शिंग जर्मन होते. ते झुलणारं झुंबर, त्या सावल्या पाहिल्या की मला थेट जर्मन मूकपट आठवतात.

मी मात्र थोडा वेगळा सूर लावतो. मला ‘नोस्फेराटू’ (१९२२) पाहून आता भीती वाटत नाही, आणि वाटायला हवी असंही नाही. मी तो पुन्हापुन्हा लावतो तो जिन्यावर चढत जाणाऱ्या त्या एका सावलीसाठी. माणूस दिसतच नाही, फक्त लांबलेली बोटं दाराकडे सरकतात. ‘ड्रॅक्युला’ कादंबरीची परवानगी न घेता चित्रपट काढला म्हणून ब्रॅम स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती तरीही वाचल्या. ती सावली पाहताना दरवेळी मला हे आठवतं, आणि ज्या कुणी त्या प्रती सांभाळल्या त्यांच्याबद्दल मनापासून कृतज्ञ वाटतं.

उलट १९३१ चा ‘ड्रॅक्युला’ सुरुवातीचा किल्ला सोडला तर पुष्कळसा नाटकासारखा झालाय. त्याच सेटवर रात्री चित्रित केलेली स्पॅनिश आवृत्ती मिळाली तर ती पाहा. कॅमेरा कितीतरी मोकळा फिरतो. इंग्रजी ‘ड्रॅक्युला’तल्या बेला लुगोसीची नजर मात्र तिच्यात नाही.

*

‘द हाँटिंग’ (१९६३). झपाटलेल्या घरात दार फुगतं, भिंतीवर धडका बसतात, भूत एकदाही दिसत नाही. अंधारात एलेनॉर मैत्रिणीचा हात घट्ट धरून असते आणि दिवा लागल्यावर कळतं की मैत्रीण तर खोलीच्या पलीकडे आहे.

तेव्हा त्या हाताची भीती वाटली होती. आता एकटी राहते. आता भीती वाटते ती त्या घराला आपण हवे आहोत या कल्पनेने एलेनॉर सुखावते त्याची. तिला दुसरीकडे जायला जागाच नाही.

*

रुग्णालयात काम करते. ‘द एक्सॉर्सिस्ट’ (१९७३) बद्दल सगळे मान फिरण्याचं आणि हिरव्या ओकारीचं बोलतात. मला सहन होत नाहीत त्या तपासण्या. मानेत सुई घालतात, रक्त उडतं, यंत्र धडाधडा वाजतं आणि झपाटलेली मुलगी मुकाट्याने पडून असते. तिथे कुठलंही भूत नाही. पांढऱ्या कपड्यातली माणसं आपापलं काम नीट करताहेत. आई बाहेर उभी आहे आणि दरवेळी तिला सांगितलं जातं की अहवालात काही सापडलं नाही. अशा आया मी पाहिल्या आहेत. शेवटच्या भागात पात्रांच्या तोंडून वाफ निघते ती खरी आहे, कारण खोलीचा सेट यंत्रं लावून गोठवला होता. पण माझ्या लेखी चित्रपटातली खरी थंडी त्या तपासणीच्या खोलीतच आहे.

*

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८). शीर्षक बदलताना प्रतींवर कॉपीराइटची सूचना घालायची राहिली आणि चित्रपट सगळ्यांचाच झाला, म्हणून तो इतका सर्वत्र दिसतो. उठून चालणारी प्रेतं आता घाबरवत नाहीत. तळघरात लपायचं की वर राहायचं यावरून आतल्या माणसांची जी भांडणं होतात ती घाबरवतात. आणि शेवट! रात्रभर झुंज दिलेला बेन सकाळी खिडकीशी येतो आणि वाचवायला आलेलेच त्याला प्रेत समजून गोळी घालतात. शोधपथकातल्या कुणालाही काही वाटत नाही. जॉर्ज रोमेरोने पुढची दृश्यं बातमीतल्या फोटोंसारखी स्थिर ठेवली आहेत. ती मला पूर्ण बघवत नाहीत.

*

‘द शायनिंग’ (१९८०). जुळ्या बहिणी, रक्ताचा लोट, कुऱ्हाड यांच्यावर पुष्कळ लिहून झालंय. माझी जागा लहानशी आहे. डॅनी खेळण्यातला बंब आणायला दबक्या पावलांनी खोलीत जातो. बाप झोपलेला नसतो, पलंगावर बसलेला असतो. तो त्याला जवळ बोलावतो, मांडीवर घेतो आणि अगदी मऊ आवाजात म्हणतो की मी तुला कधीच इजा करणार नाही.

ज्या घरात बाप पितो त्या घरातल्या मुलांना तो मऊ आवाज ओळखता येतो. स्टॅन्ली कुब्रिकने तिथे घाई केलेली नाही, प्रसंग लांबतच जातो. मुलाचं अंग कसं आखडलंय ते बघा. भावाबरोबर पाहत होतो, तर याच ठिकाणी दोघांचंही बोलणं थांबलं. त्या रात्री आम्ही आमच्या घरातल्या त्या वर्षांबद्दल प्रथमच नीट बोललो. हॉटेलातली भुतं आम्हाला कधीच महत्त्वाची वाटली नाहीत.

*

‘द इनोसन्ट्स’ (१९६१) अजून कुणी घेतला नाही, म्हणून मी लिहिते. भरदिवसा, तळ्यापलीकडच्या लव्हाळ्यात काळ्या कपड्यातली बाई उभी आहे. काही करत नाही, नुसती उभी आहे. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसने रंगवलेली फिल्टर्स वापरून पडद्याच्या कडा अंधाऱ्या केल्या होत्या, त्यामुळे डोळा सारखा कोपऱ्यात काहीतरी शोधत राहतो.

शिकवायला लागण्याआधी पाहिला तेव्हा मी मुलांना सांभाळायला आलेल्या शिक्षिकेच्या बाजूने होते. भुतं खरी, मुलं झपाटलेली, ती त्यांना वाचवतेय. आज मुलांमध्ये वावरते आणि तिचीच धडकी भरते. काय हवंय ते तिने आधीच ठरवलंय, आणि मुलगा ते बोलेपर्यंत ती त्याला सोडत नाही. माझी बहीण अजूनही भुतं खरी मानते आणि तिच्याकडे मुद्दे आहेत: रडणाऱ्या भुताचा पाटीवरचा अश्रू घ्या, तो शिक्षिकेच्या हाताला ओला लागतो, मग तो आला कुठून? मला याचं उत्तर सापडलेलं नाही. ज्यांनी अलीकडे पाहिला असेल त्यांनी सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूने?