जियानलुका व्हियाली : पाच करंडक जिंकूनही प्रशिक्षकाची कारकीर्द ३८व्या वर्षी का थांबली?

प्रश्न

इटलीतील क्रेमोनेसे या फुटबॉल क्लबमध्ये घडलेले आणि पुढे सांपदोरिया व युव्हेंटस या दोन्ही संघांबरोबर इटलीचे लीग विजेतेपद जिंकलेले आघाडीपटू जियानलुका व्हियाली १९९६ मध्ये चेल्सीकडून खेळण्यासाठी लंडनला गेले. फेब्रुवारी १९९८ मध्ये क्लबने प्रशिक्षक रूड गुलिट यांना पदावरून दूर केले, आणि ज्यांच्याबरोबर काल सराव केला त्याच सहकाऱ्यांचे प्रशिक्षकपद व्हियाली यांच्याकडे आले. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते आणि स्वतः खेळतही होते. पुढील अडीच वर्षांत चेल्सीने लीग कप, कप विनर्स कप, युरोपियन सुपर कप, एफए कप आणि चॅरिटी शील्ड असे पाच करंडक मिळवले. तरीही सप्टेंबर २००० मध्ये त्यांना काढण्यात आले, आणि वॉटफर्डमधील एका हंगामानंतर ते पुन्हा कोणत्याही क्लबचे प्रशिक्षक झाले नाहीत. खेळाडू व्हियालींवर भरभरून लिहिले जाते, प्रशिक्षक व्हियाली मात्र एका वाक्यात आटोपतात, हे मला खटकते. ते यश त्यांचे होते, की गुलिट यांनी बांधलेल्या संघाचे?

प्रतिसाद १

संघ गुलिट यांचा होता हे खरे, परंतु व्हियाली यांचा पहिलाच सामना आठवावा. लीग कपच्या दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीत चेल्सी आर्सेनलविरुद्ध पहिला सामना १-२ असा हरून बसली होती, आणि त्या हंगामात आर्सेनलने पुढे लीग व एफए कप दोन्ही जिंकले. व्हियाली यांनी सामन्यापूर्वी खेळाडूंना शॅम्पेन दिली, चेल्सीने तो सामना ३-१ असा जिंकला आणि अंतिम फेरी गाठली. त्या अंतिम सामन्यासाठी त्यांनी स्वतःलाच वगळले. आयुष्यभर गोल करून जगलेल्या माणसाला हा निर्णय किती जड गेला असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

स्टॉकहोममधील कप विनर्स कपचा अंतिम सामनाही असाच बोलका आहे. दुखापतीतून नुकतेच सावरलेले चेल्सीचे आघाडीपटू जियानफ्रँको झोला राखीव खेळाडूंत होते. व्हियाली यांनी त्यांना दुसऱ्या सत्रात मैदानात उतरवले आणि अर्ध्या मिनिटाच्या आत झोला यांनी स्टुटगार्टविरुद्धचा एकमेव गोल केला. बदली खेळाडू नेमका केव्हा आणायचा, ही समज उसनी मिळत नाही.

प्रतिसाद २

मी काहीसा वेगळा विचार मांडतो. बाद पद्धतीच्या स्पर्धांत व्हियाली उत्तम होते. लीगच्या लांब शर्यतीत मात्र थोडक्यात कमी पडले, आणि ते कुठे, हे १९९८-९९च्या गुणतालिकेत स्पष्ट दिसते. चेल्सीने त्या हंगामात फक्त ३ सामने गमावले. विजेत्या मँचेस्टर युनायटेडनेही तेवढेच गमावले होते. परंतु चेल्सीचे १५ सामने बरोबरीत सुटले आणि ७५ गुणांसह तिसरा क्रमांक मिळाला, तर युनायटेडचे ७९ गुण झाले. त्या १५ पैकी दोन-तीन बरोबऱ्यांचे विजय झाले असते, तर आज हा प्रश्नच पडला नसता.

पुढच्या वर्षी आघाडीपटू ख्रिस सटन यांच्यासाठी १ कोटी पौंड मोजले गेले आणि लीगमध्ये त्यांच्याकडून एकच गोल झाला. संघ पाचवा आला. चॅम्पियन्स लीगमध्ये बार्सिलोनाला घरी ३-१ असे हरवूनही परतीच्या सामन्यात, उपांत्य फेरी सात मिनिटांवर असताना, बार्सिलोनाच्या दानी यांच्या गोलमुळे सामना जादा वेळेत गेला आणि चेल्सी १-५ अशी हरली. मे २००० मध्ये लंडनमधील जुन्या वेम्बली मैदानावरील शेवटचा एफए कप अंतिम सामना त्यांनीच जिंकला, पण ज्येष्ठ खेळाडूंशी बिनसल्याच्या बातम्या तोवर येऊ लागल्या होत्या. कालचा सहकारी आज संघातून वगळतो, तेव्हा नाते पूर्वीसारखे राहणे कठीण असते. नव्या हंगामाचे पाच सामने झाल्यावर त्यांना जावे लागले.

प्रतिसाद ३

वॉटफर्डबद्दल थोडेसे. दुसऱ्या श्रेणीतील त्या संघाला २००१-०२ मध्ये चौदाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले आणि क्लबने त्यांना काढले. त्याच वर्षी सामने दाखवणारी आयटीव्ही डिजिटल कोसळल्याने त्या श्रेणीतील अनेक क्लब आर्थिक अडचणीत आले होते, म्हणून त्या एका हंगामावरून त्यांची पात्रता ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

शिवाय प्रशिक्षकपद संपले, तरी संघ जोडण्याचे त्यांचे काम संपले नव्हते. १९९२ मध्ये वेम्बलीवर बार्सिलोनाकडून सांपदोरिया युरोपियन कपचा अंतिम सामना हरली, तेव्हा आघाडीला व्हियाली आणि रॉबर्टो मॅन्सिनी होते. ११ जुलै २०२१ रोजी नव्या वेम्बलीवर इटलीने इंग्लंडला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून युरो करंडक जिंकला, तेव्हा मॅन्सिनी प्रशिक्षक होते आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगावर उपचार घेतलेले व्हियाली संघाचे पथकप्रमुख होते. त्या रात्री दोघे एकमेकांना बिलगून रडले. दीड वर्षाने, ६ जानेवारी २०२३ रोजी, लंडनमध्येच व्हियाली यांचे निधन झाले.